व्हेंटिलेटर लावला, काढायचा कोणी?

मराठवाड्यात व्हेंटिलेटरची बातमी येते ती आकड्यांची. अमक्या जिल्हा रुग्णालयाला इतके मिळाले, तमक्या ठिकाणी इतके धूळ खात पडलेत, पुढाऱ्यांच्या हस्ते इतक्यांचं लोकार्पण झालं. मे २०२१ मध्ये केंद्राकडून आलेले व्हेंटिलेटर नीट चालत नसल्याचा विषय थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर गेला. तो जायलाच हवा होता. पण तेव्हाही एक प्रश्न कोणी विचारला नाही आणि आजही विचारत नाही. ज्याला मशीन लावलं, त्याचं मशीन काढून बघायचा प्रयत्न रोज होतो का? झाला तर तो कुठे लिहिलेला असतो?

मी आयसीयूत काम करणारी नर्स आहे. सरकारी वॉर्डात काम केलंय आणि खासगीतही. या कामातून माझं एक ठाम मत झालंय. मशीनवरच्या प्रत्येक पेशंटची रोज सकाळी स्वतःच्या दमावर श्वास घ्यायची चाचणी झाली पाहिजे, ती कागदावर आली पाहिजे, आणि ती सुरू करायचा अधिकार बेडपाशी उभ्या असलेल्या नर्सला लेखी मिळाला पाहिजे. मराठवाड्यात आज नवीन मशीन घेण्यापेक्षा हे जास्त तातडीचं आहे.

व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. न्यूमोनिया अँटिबायोटिकने उतरतो, विषबाधा औषधांनी आणि काळाने उतरते. तोवर मशीन फुप्फुसात हवा भरत राहतं, एवढंच त्याचं काम. ते काम संपल्यावर मशीन ठेवलं की नुकसान सुरू होतं. घशातल्या नळीच्या कडेने लाळ आणि जंतू खाली झिरपतात आणि मशीनमुळे होणारा न्यूमोनिया जडतो. गुंगीच्या औषधांनी माणूस भ्रमात जातो, नळ्या ओढतो, म्हणून त्याचे हात बेडला बांधावे लागतात. आणि सगळ्यात न दिसणारं नुकसान श्वासपटलाचं. छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू जन्मल्यापासून एक क्षणही थांबलेला नसतो. मशीनने सगळं काम हातात घेतलं की तो प्लास्टरमधल्या हातासारखा वाळायला लागतो. २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. हे दाते १८ ते ६९ तास पूर्णपणे मशीनवर होते. तेवढ्यात त्यांच्या स्नायूतंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालेलं दिसलं. महिने नाहीत, आठवडे नाहीत, दोन-तीन दिवसांची ही गोष्ट आहे. म्हणून ‘राहू द्या आणखी एक दिवस, काय बिघडतंय’ हे वाक्य मला सहन होत नाही. बिघडतं.

पेशंटला मशीनवरून उतरवण्याला आयसीयूत आम्ही वीनिंग म्हणतो. पूर्वीची पद्धत अशी होती की मशीनचा आधार थोडा थोडा कमी करत जायचा, आज दोन श्वास कमी, उद्या आणखी दोन. १९९५ साली स्पेनमधल्या आयसीयूंनी मिळून एक मोठा अभ्यास केला. डॉक्टरांच्या मते उतरवायला तयार असलेले ५४६ पेशंट घेतले. ते सरासरी साडेसात दिवस मशीनवर होते. सगळ्यांना आधी दोन तास स्वतःच्या श्वासावर ठेवून पाहिलं. त्यातल्या फक्त १३० जणांना दम लागला. म्हणजे चारातले तीन जण पहिल्याच चाचणीत पास. ज्यांना जमलं नाही त्यांच्यातही दिवसातून एकदा अशी चाचणी घेणं हे आधार हळूहळू कमी करण्यापेक्षा कितीतरी लवकर मशीन काढून देणारं ठरलं. त्याच गटाने १९९९ मध्ये दाखवलं की दोन तासांचीही गरज नाही, अर्ध्या तासाची चाचणी तेवढंच सांगते.

चारातले तीन. म्हणजे आपण ज्याला ‘हळूहळू उतरवतोय’ म्हणतो, त्यातले बरेच जण आधीच उतरायला तयार असतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

चाचणीत अवघड असं काही नाही. आदल्या रात्रीपासून गुंगीचं औषध कमी करत आणायचं, सकाळी बंद करायचं, पेशंटला जागं होऊ द्यायचं. मशीनमधून दिलेला ऑक्सिजन चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आत भागतोय का, बीपी ते वर ठेवणाऱ्या जादा औषधांशिवाय टिकतंय का, सक्शन करताना, म्हणजे नळीतला कफ ओढून काढताना, खोकला येतो का, हे बघायचं. मग मशीनचा आधार अगदी किमान करायचा किंवा नळीला टी-पीस, म्हणजे टी आकाराचा जोड, लावून नुसता ऑक्सिजन सोडायचा. आणि बेडपाशी उभं राहायचं. घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत श्वास मोजायचे, मॉनिटरचा आकडा बघून नाही. श्वास पस्तीसच्या वर जाऊन टिकले, रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या खाली आला, कपाळावर घाम फुटला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पोट आणि छाती उलटसुलट हलायला लागली, की थांबायचं आणि मशीन परत जोडायचं. श्वास मिनिटाला किती आणि एका श्वासात हवा किती याचा भागाकारही करतात. मिनिटाला तीस श्वास आणि दर श्वासाला ३०० मिली, म्हणजे ०.३ लिटर, तर उत्तर १००. हे उत्तर १०५ च्या वर गेलं की श्वास उथळ आणि भराभर चाललाय, पेशंट टिकणार नाही, असा अंदाज १९९१ पासून जगभर वापरतात. याला नवीन मशीन लागत नाही. लागतं ते एका माणसाचं अर्धा तास लक्ष.

आणि तेच आपल्याकडे नाही. मशीनवरच्या एका पेशंटमागे एक नर्स हवी असं अतिदक्षता विभागाच्या शिफारशी सांगतात. रात्रपाळीला एका नर्सकडे असे तीन-चार पेशंट असतात, कधी जास्तही. एकीकडे सक्शन चालू आहे, दुसरीकडे सलाईन संपलंय, तिसरा पेशंट नळीला हात घालतोय. अशा वेळी गुंगीचा पंप वाढवणं हा तिच्याजवळचा एकच सुरक्षित उपाय उरतो. सकाळी पेशंट गाढ झोपलेला असतो. झोपलेल्याची चाचणी घेता येत नाही, मग ती उद्यावर जाते. गुंगीचं औषध रोज थांबवून पेशंटला जागं केलं तर मशीनवरचा मध्यम काळ ७.३ दिवसांवरून ४.९ वर येतो, हे २००० सालीच सिद्ध झालं. २००८ मध्ये जागं करणं आणि श्वासाची चाचणी या दोन्ही गोष्टी जोडून केल्या तेव्हा वर्षभरानंतर जिवंत राहणाऱ्यांची संख्याही वाढलेली दिसली: अशा सात जणांमागे एक जीव जास्त वाचला. एवढा फायदा देणारं औषध असतं तर त्यासाठी मोर्चे निघाले असते.

आयसीयू नावाची गोष्ट जन्माला आली तीच मुळी माणसांच्या हातांतून. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, श्वास बंद पडणाऱ्यांसाठी पुरेशी यंत्रं नव्हती. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत बसले. सुमारे दीड हजार विद्यार्थी, कित्येक महिने. प्रत्येक पेशंटच्या उशाशी एक माणूस. आपण त्यातली पिशवी घेतली, तिचं यंत्र केलं, आणि उशाशी बसलेल्या माणसाला विसरलो.

मराठवाड्यात मशीनवर कोण असतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. मोठ्या शहरांतल्या आयसीयूत वय झालेले, फुप्फुस आणि हृदय थकलेले पेशंट जास्त. आमच्याकडे तेही असतातच, पण त्यांच्या शेजारच्या बेडवर विशी-तिशीतलं धडधाकट पोरगं असतं, जे फवारणीचं औषध प्यायलंय. बीड असो, धाराशिव असो, परभणी असो, आयसीयूतल्या कुठल्याही नर्सला विचारा. नापिकी, कर्ज, घरातला वाद, आणि कोपऱ्यात ठेवलेला डबा. ऑर्गॅनोफॉस्फरसची ही विषं आधी लाळ, घाम, उलट्या आणतात. ॲट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाने ते आटोक्यात येतं. घरच्यांना वाटतं, वाचला. मग २४ ते ९६ तासांच्या दरम्यान मान पडते, दंड-मांड्या ढिल्या होतात आणि श्वासाचे स्नायू थकतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या टप्प्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. मशीन इथे खरोखर जीव वाचवतं. आणि हे स्नायू परत येतात, बहुतेक वेळा पाच दिवसांपासून अडीच आठवड्यांच्या आत. कधी येतील ते मात्र तारखेने ठरत नाही. रोज बघावं लागतं.

असंच एक पोर मला आठवतं. सकाळी जागं झालं, डोळे उघडले. मी म्हणाले, ‘बाळा, माझी बोटं दाब.’ दाबली. ‘मान उचल उशीवरनं.’ नाही उचलली. पण खोकला चांगला होता, श्वास चोवीस, ऑक्सिजन चाळीस टक्क्यांवर संथ. या विषबाधेत मान सहसा श्वासानंतर सावरते, त्यामुळे मान उचलली तर आनंदच, पण नाही उचलली म्हणून चाचणीच घ्यायची नाही असं नाही. मी सकाळी सांगितलं. मोठे डॉक्टर दुसऱ्या गावी ऑपरेशनला होते. त्यांच्याशिवाय आधार कमी करायची कोणालाच परवानगी नव्हती. रात्री उशिरा राउंड झाला, ‘उद्या बघू’ म्हणाले. दोन दिवस असेच गेले आणि मग ताप आला, एक्स-रेत पांढरा डाग आला, गळ्याला छिद्र पाडायची वेळ आली. पोर शेवटी वाचलं. बाहेर बाप बसून होता, मुकादमाकडून उचल घेतलेली, पुढचा हंगाम आधीच विकलेला. तो रोज एकच विचारायचा, ‘सिस्टर, मशीन कधी निघंल?’ त्याला खरं उत्तर द्यायची सोय त्या दवाखान्यात नव्हती, कारण ते ठरवायचा दिवसच ठरलेला नव्हता.

पावसाळ्यात दुसरे येतात ते पान लागलेले, म्हणजे साप चावलेले. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूज नाही, पहाटे पोट दुखतं आणि पापण्या मिटतात. तिचं विष मज्जातंतूंची टोकंच निकामी करतं, त्यामुळे प्रतिसर्पविष दिलं तरी आधीच झालेला लकवा लगेच उतरत नाही, तंतू नव्याने सावरेपर्यंत वाट बघावी लागते. या पेशंटच्या बाबतीत मला एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. पापणी हलत नाही, बाहुल्या प्रकाशाला दाद देत नाहीत, तरी तो आतून जागा असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो. त्याच्या उशाशी उभं राहून ‘आता काही खरं नाही’ असं बोलू नका. त्याला नावाने हाक मारा, कुठे आहे, काय चाललंय ते सांगा. आणि पायाचं बोट किंचित हललं तरी त्या दिवशी ते कागदावर लिहा. हे लोक पूर्ण बरे होऊन शेतावर परत जातात.

म्हणजे आमच्या आयसीयूंत असे बरेच पेशंट आहेत ज्यांचं फुप्फुस मुळात चांगलं आहे, वय कमी आहे आणि आजार परतणारा आहे. वेळेवर मशीन काढायचा सगळ्यात जास्त फायदा ज्यांना होईल, ते इथेच आहेत.

आता हरकतींकडे येते. पहिली हरकत डॉक्टरांची आणि ती खोटी नाही: घाईने नळी काढली आणि पुन्हा घालावी लागली तर? पुन्हा नळी लागलेल्या पेशंटची तब्येत जास्त बिघडते, हे खरं आहे. म्हणूनच तर चाचणी. नळी काढल्यावर शंभरात दहा-पंधरा जणांना ती पुन्हा लागते, हे चांगल्या आयसीयूंतही गृहीत धरतात. जिथे कधीच पुन्हा लागत नाही, तिथे नळी उशिरा निघतेय असं समजायला हरकत नाही. दुसरा पुरावा आम्ही नर्सेस रोज बघतो. पेशंट स्वतःच नळी ओढून काढतो, धावाधाव होते, आणि अशांपैकी जवळपास निम्म्यांना ती परत घालावी लागत नाही. ते आधीच तयार होते. १९९६ मध्ये अमेरिकेत ३०० पेशंटांवर हेच करून पाहिलं. रोज ठरावीक निकषांवर तपासायचं, बसतील त्यांची चाचणी घ्यायची, पास झाले की डॉक्टरांना कळवायचं. मशीनवरचे दिवस सहावरून साडेचारवर आले, आणि गुंतागुंतही निम्म्यावर आली, ४१ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर. त्या अभ्यासात रोजच्या तपासणीत डॉक्टरांबरोबर नर्स आणि रेस्पिरेटरी थेरपिस्ट, म्हणजे श्वासाच्या उपचारांचे प्रशिक्षित कर्मचारी, हेही होते.

दुसरी हरकत: हा निर्णय नर्सने कसा घ्यायचा? नळी काढायचा निर्णय डॉक्टरांचाच राहू दे. मी मागतेय तो चाचणी सुरू करायचा अधिकार, लेखी निकषांसह. १९९७ च्या एका अभ्यासात नर्स आणि थेरपिस्टांनी लेखी नियमांनी उतरवलेले पेशंट डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेल्या पेशंटांपेक्षा लवकर मशीनवरून उतरले. नर्स डॉक्टरपेक्षा हुशार होती म्हणून नाही. ती तिथे होती म्हणून.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती स्पष्ट बोलली पाहिजे. खासगीत व्हेंटिलेटरचं बिल दिवसावर असतं. गावोगावी लोक बोलतात की मेलेल्या माणसालाही मशीनवर ठेवून पैसे काढतात. बहुतेक वेळा हा संशय चुकीचा असतो आणि त्यातून डॉक्टर-नर्सेसवर हात उगारले जातात, हे आम्ही भोगलंय. पण तो संशय नुसत्या रागावण्याने जाणार नाही. नातेवाईकाला रोज दुपारी एक कागद दाखवता आला पाहिजे: आज चाचणी झाली, इतकी मिनिटं टिकला, या कारणाने थांबवली, ते कारण दूर करण्यासाठी हे करतोय. अंगात पाणी साठलंय, कफ घट्ट आहे, पोटॅशियम कमी आहे, हृदय कमजोर आहे, जे असेल ते. असा कागद पाहिलेला माणूस मशीन काढायला घाबरत नाही आणि मशीन लावायलाही नाही. आज दोन्ही भीती आहेत. अर्धे लोक ‘मशीन लावलं म्हणजे संपलं’ म्हणून सही देत नाहीत, आणि अर्धे ‘मशीन काढलं तर जाईल’ म्हणून काढू देत नाहीत.

शासनाच्या हातात इथे मोठी गोष्ट आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नांदेड होतं. आज मराठवाड्यातल्या गरिबाचा आयसीयूचा खर्च बऱ्याच अंशी याच योजनेतून निघतो. व्हेंटिलेटरचा दावा मंजूर करताना एक्स-रे आणि रिपोर्ट मागतात, तसा रोजच्या चाचणीचा तक्ताही मागावा. एका परिपत्रकाचं काम आहे. पैसा तक्त्याशी जोडला की तक्ता भरला जाईल. तो खोटा भरला जाऊ नये म्हणून नर्सची सही आणि वेळ हवी.

सरकारी बाजूला पदं भरणं याला पर्याय नाही, ते मी आडवळणाने सांगणार नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर इथली महाविद्यालयं जुनी. आता धाराशिव, परभणी, जालना, हिंगोली इथेही वैद्यकीय महाविद्यालयं आली आहेत. नव्या ठिकाणी आयसीयू नव्याने उभे राहत आहेत, तेव्हा ही सवय पहिल्या दिवसापासून लावता येईल. प्रत्येक आयसीयूला स्वतःचा फिजिओथेरपिस्ट हवा, सगळ्या दवाखान्याचा मिळून एक नाही. २००९ मध्ये मशीनवरच्या पेशंटांना पहिल्या दिवसांतच उठवून बसवणं, उभं करणं सुरू केलं तेव्हा घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकणारे ३५ टक्क्यांवरून ५९ टक्के झाले. शेतमजुराच्या घरात या फरकाचा अर्थ काय, ते वेगळं सांगायला नको. आणि दर महिन्याला प्रत्येक रुग्णालयाने तीन आकडे फळ्यावर लावावेत: मशीनवर किती जण होते, सरासरी किती दिवस, किती जणांना नळी पुन्हा लागली. व्हेंटिलेटर किती आले हा आकडा पेपरात छापतात, मग हेही छापता येतील.

पदं भरायला वेळ लागेल, तोवर काय? जे आहे त्यात दिवसपाळीची एक नर्स सकाळी आठ ते दहा फक्त याच कामाला मोकळी ठेवा. नळी दिवसा काढा, हात भरपूर असताना. दमेकरी, जुन्या बिडीवाल्या पेशंटांना नळी काढल्यावर लगेच मास्कचा व्हेंटिलेटर लावा, थकायची वाट बघू नका. आणि हिंगोलीहून नांदेडला किंवा केजहून अंबाजोगाईला पेशंट हलवताना १०८ मध्ये त्याच्याबरोबर ऑक्सिजन जातो, फाइल जाते, तसा हा चाचणीचा तक्ताही गेला पाहिजे. नाहीतर पुढच्या दवाखान्यात त्याला पुन्हा गुंगी देतात आणि मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू होते.